दोन गाठींची दोरी

काथ्याची दोरी. आठ फुटांवर एक गाठ,
एकवीसवर दुसरी.
तीन रविवार ती घेऊन हिंडलो
खालच्या वाडीच्या घाटीत, देवळामागच्या वळणावर,
जिथे दोन्हीकडून गडगा, वर फणस,
आणि चिऱ्यावर कुणाच्यातरी गाडीचा निळा ओरखडा.
एक म्हातारा थांबला. "जमीन मोजतंस?"
"नाय, वाट."
तो हसला नाही.
आमच्याकडे वाटेवरूनही कोर्टात जातात.

चौदा वर्षं बाबी शेटची गाडी चालवली.
चिरे, खडी, हायवेच्या भरावाची माती.
हौदा त्याचा, डिझेल त्याचं,
फेऱ्यांची वही त्याच्या पुतण्याकडे.
माझी फक्त कंबर.

हुमरमळ्याच्या यार्डात तेंडोलकर म्हणाला,
"दहाचाकीच घे. एका खेपेला पाच ब्रास.
सहाचाकीत काय रवला हा?"
दहाचाकी समोरच होती, पिवळी,
रंग इतका ताजा की नटबोल्टसुद्धा पिवळे.
मी दोरी लावली. दुसरी गाठ
मागच्या चाकाशीच संपली,
पुढे सहा फूट गाडी उरली.
त्या सहा फुटांत मला देवळाचा कठडा दिसला,
आणि त्यावर बसलेले रिटायर मास्तर.

हायवेवर ती राणीसारखी धावली असती.
पण माझं गिऱ्हाईक हायवेवर राहत नाही.
ते घर बांधतं आतल्या वाडीत, दोन खोल्या आणि पडवी,
आणि चिरे दारात हवेत म्हणतं.

निळी मला आवडली होती, खरं सांगतो.
तेच मॉडेल, तोच गियर, डोळे मिटून टाकला असता.
इनास मिस्त्री हातोडी घेऊन खाली गेला.
टक. टक. टक. टप्प.
"खाडीची रेती व्हायल्यान हिना," तो खालूनच म्हणाला,
"मीठ चाशीत गेला."
बाहेर आला तेव्हा केसांत तांबडा भुगा.
मी निळीच्या दारावर हात ठेवला
आणि काढून घेतला.

तिसरी कोपऱ्यात, राखाडी, घाटावरून आलेली.
गडहिंग्लजकडे मळी ओढायची.
सीट फाटकी, हॉर्न मुका,
पण समुद्र तिने पाहिलेला नाही, हे तिच्या पाट्यांवरून कळत होतं.
हौदा वर उचलून ठेवला,
जॅकच्या रॉडवर खडूची रेघ मारली,
आणि आम्ही बसलो.
तेंडोलकर दोनदा घड्याळ बघून गेला.
चहा झाला. इनासने विडी ओढली.
एक कावळा हौद्याच्या टोकावर येऊन बसला, उठला.
तासाभराने रेघ बोटभर खाली.
मी इनासकडे पाहिलं.
"बोटभर चालता," तो म्हणाला,
"माणूसय दुपारपर्यंत बोटभर खाली येता."

वैजयंतीला फोन लावला.
ती काजूच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत.
तिने किंमत विचारली नाही, रंगही नाही.
"खाण आठ महिने चालते," ती म्हणाली,
"हप्ते बारा."
मागे टरफलं ओतल्याचा आवाज.
मग, "जून ते सप्टेंबर माझे."
डिकाने काळी पडलेली तिची बोटं
मला फोनमधून दिसली.
काय बोलावं सुचेना. म्हटलं, हॉर्न मुका आहे.
"बरं झालं," म्हणाली.

संध्याकाळी गाडी घरी आणली.
खालच्या वाडीच्या घाटीत शिरलो पहिल्या गियरमध्ये.
लांबी बसली. रुंदी बसली.
मास्तरांनी कठड्यावरून पाय वर घेतले, इतकंच.
फणसाची पानं टपाला घासत गेली
आणि मी पहिल्यांदा सुटून श्वास घेतला.
तेवढ्यात डावीकडे खर्रकन आवाज.

आरसा मोजायचा राहिला होता.

उतरून पाहिलं.
निळ्या ओरखड्याच्या वीतभर खाली
आता एक राखाडी.